बाटलीतलं रान

बँकेत असताना मी एका नेच्याचा जीव घेतला. दुर्लक्ष करून नव्हे, काळजी घेऊन. नेचा म्हणजे ज्याला आपण हल्ली सर्रास फर्न म्हणतो तो. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात किंवा माथेरानच्या वाटेवर दरडीच्या कपारीतून झालरीसारखी पानं सोडून डोलत असतो. फूल नाही, फळ नाही, बी नाही, नुसती पानं. शाखाधिकारी म्हणून मला पहिल्यांदा स्वतंत्र केबिन मिळाली, तेव्हा रोपवाटिका चालवणाऱ्या एका खातेदारानं बोस्टन फर्नची भरगच्च कुंडी आणून माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. केबिन वातानुकूलित होती. सकाळी शिपाई कुंडीत पाणी घालायचा, दुपारी माझ्या पेल्यातलं उरलेलं मी ओतायचो आणि संध्याकाळी दिवे मालवताना पहारेकरीही तांब्याभर पुण्य जोडून जायचा. तिघांपैकी कुणालाच इतर दोघांचा पत्ता नव्हता. दीड महिन्यात आधी पानांची टोकं करपली, मग पानं, मग सगळंच. वरून यंत्राची कोरडी हवा त्याला सुकवत होती आणि खाली मुळं चिखलात कुजत होती. एकाच वेळी तहानेनं आणि बुडून मेलेला दुसरा जीव मी पाहिलेला नाही.

त्या पापाचं परिमार्जन म्हणा, की निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ म्हणा, मी नेच्यांविषयी मिळेल ते वाचत सुटलो. त्या वाचनात मला डॉ. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड भेटले. घरात, चार भिंतींच्या आत नेचा जगवण्याचं गुपित ज्यांना पहिल्यांदा नीट उमगलं, ते हे गृहस्थ. वनस्पतींच्या इतिहासात त्यांच्या नावाची पेटी अजरामर झाली आहे. पेटीमागच्या माणसाची गोष्ट मात्र क्वचितच कुणी सांगतं.

वॉर्ड यांचा जन्म १७९१ सालचा, लंडनचा. वडील डॉक्टर. मुलाला समुद्राचं वेड लागलं, तेव्हा वडिलांनी रागावण्याऐवजी एक शहाणपणाची गोष्ट केली. तेरा वर्षांच्या पोराला जमैकाला जाणाऱ्या जहाजावर बसवून दिलं. खलाशाचं जिणं जवळून पाहिल्यावर वेड आपोआप उतरलं. पण जमैकात त्यानं माड पाहिले आणि माडासारखेच खोड धरून उंच वाढणारे नेचे पाहिले. ते वेड उतरलं, हे चढलं, आणि आयुष्यभर उतरलं नाही.

पुढे रीतसर वैद्यक शिकून त्यांनी वडिलांचाच दवाखाना चालवायला घेतला. दवाखाना आणि घर होतं पूर्व लंडनमधल्या वेलक्लोज स्क्वेअरमध्ये, गोदीच्या अगदी जवळ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं ते लंडन डोळ्यांसमोर आणायचं, तर गिरण्यांच्या ऐन भरातल्या काळातली आपली गिरणगावची एखादी गल्ली आठवावी आणि धूर कितीतरी पटींनी वाढवावा. घराघरात दगडी कोळसा जळे. कारखान्यांची धुरांडी वेगळीच. वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडकीच्या तावदानांवर, माणसांच्या फुफ्फुसांत काजळीचे थर बसत. अशा ठिकाणी डॉक्टरांना बाग करायची होती, आणि तीही नेच्यांची!

पहाटे उठून, रोगी यायच्या आत, ते शहराच्या वेशीबाहेर वनस्पती गोळा करायला जात. घराच्या मागच्या अंगणात त्यांनी दगड रचून एक कृत्रिम कडा उभारला, त्याच्या माथ्यावरून भोकं पाडलेल्या नळीतून पाणी झिरपत ठेवलं आणि कपारींत नेचे, शेवाळ लावलं. हुबेहूब ओला डोंगर. पण धुरापुढे डोंगराचंही काही चालेना. एकेक करून सगळे नेचे मेले. डॉक्टरांनी नाद सोडून दिला.

मग आला १८२९ चा उन्हाळा. डॉक्टरांना झाडांइतकीच किड्यांचीही हौस होती. स्फिंक्स जातीच्या पतंगाचा एक कोष त्यांना मिळाला होता आणि त्यातून पतंग बाहेर येताना पाहायचा होता. म्हणून त्यांनी रुंद तोंडाच्या एका काचेच्या बाटलीत थोडी ओलसर माती घातली, त्यात कोष पुरला आणि वर झाकण लावलं. रोज येता-जाता बाटली बघायची, एवढाच कार्यक्रम. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की दिवसा ऊन तापलं की मातीतला ओलावा वाफ होऊन वर जातो, काचेवर थेंब होऊन बसतो आणि ओघळून पुन्हा मातीत उतरतो. माती कायम सारखीच ओली. आणि पतंग बाहेर पडायला आठवडाभर असेल-नसेल, तोच त्या मातीत दोन हिरवे ठिपके दिसले. एक होतं गवताचं पातं. दुसरा नेचा.

ज्या नेच्यासाठी अंगणात डोंगर उभारला तो तिथं मेला, आणि कुणी न लावता, न बोलावता बाटलीत उगवला! त्या दिवशी पतंग मागे पडला. डॉक्टरांनी ती बाटली अभ्यासिकेच्या उत्तरेकडच्या खिडकीबाहेर ठेवली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं तिच्यात पाण्याचा एक थेंबही घातला नाही. नेचा दर वर्षी तीन-चार नवी पानं काढी. गवताला तर एकदा फुलोराही आला.

यात जादू कुठलीच नाही. नेच्याला बी नसतं, असते धूळ. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतात, त्या या धुळीच्या, म्हणजे बीजाणूंच्या, पुरचुंड्या. (आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी त्या कीड समजून साबणाच्या पाण्यानं घासून काढल्या होत्या. झाड वाचलं, संतती गेली.) हे बीजाणू वाऱ्यावर कुठल्या कुठे जातात आणि मातीत गप्प पडून राहतात. ओल मिळाली की त्यांतून बदामाच्या आकाराचा नखाएवढा हिरवा पापुद्रा उगवतो. त्या पापुद्र्यावरच्या पाण्याच्या थरातून पुंबीज पोहत स्त्रीबीजापर्यंत जातं आणि मग कुठे खरा नेचा डोकं वर काढतो. वनस्पतीशास्त्रज्ञांना ही भानगड उलगडली १८४० च्या दशकात. डॉक्टरांच्या बाटलीत ती त्याआधीच पार पडली होती. थोडक्यात, नेच्याच्या जन्मालाच पाणी लागतं, पण साचलेलं नव्हे. त्याला हवेत ओल हवी, मुळांशी नुसता दमटपणा हवा, डोळे दिपवणारं ऊन नको आणि धूर तर नकोच नको. अंगणातल्या कड्यावर पाणी भरपूर होतं, पण हवा काजळीची होती. बाटलीनं काजळी बाहेर ठेवली आणि ओल आत. बाटली अगदी हवाबंद होती असंही नाही. तापमान चढलं-उतरलं की फटींतून थोडी हवा ये-जा करी, आणि हे डॉक्टर स्वतःही आवर्जून सांगत.

आयर्लंडमधल्या किलार्नीच्या ओल्या डोंगरांत एक नेचा होतो. त्याची पानं इतकी पातळ, की बहुतांशी पेशींचा एकच थर. कोरडी झुळूक लागली तरी तो मान टाकतो. लंडनजवळ हॅकनीला लॉडिजेस यांची त्या काळातली नामांकित रोपवाटिका होती. तिथल्या कसबी माळ्यांनाही तो दाद देईना. वॉर्ड यांच्या काचेखाली तो सुखानं नांदला. झालं! घरभर काचेच्या पेट्या झाल्या. जिन्यातल्या खिडकीबाहेर तर त्यांनी आठ फूट लांब-रुंद असं काचेचं घरच बांधलं, त्यात टिंटर्न ॲबे या पडक्या मठाच्या खिडकीची छोटी प्रतिकृती उभी केली आणि तिच्या अंगाखांद्यावर नेचे चढवले. बागकामावरचे त्या काळचे मोठे लेखक लाउडन १८३४ साली हे घर पाहून गेले आणि थक्क झाले.

आता गोष्ट घराबाहेर पडते. त्या काळी परदेशातून रोपं आणणं म्हणजे बँकेच्या भाषेत बुडीत खात्यात कर्ज देणं होतं. जहाजात गोड्या पाण्याची टंचाई, डेकवर खारा फवारा, तळघरात काळोख. चीनमध्ये राहिलेल्या लिव्हिंगस्टन नावाच्या एका डॉक्टरानं १८१९ साली हिशेब मांडला होता, की तिथून निघालेल्या हजार रोपांपैकी जेमतेम एक इंग्लंडला जिवंत पोचतं. वॉर्डना वाटलं, जी काच लंडनचा धूर अडवते ती समुद्राचं मीठ का नाही अडवणार?

१८३३ साली त्यांनी भक्कम लाकडाच्या, वर काचेचं उतरतं छप्पर असलेल्या दोन पेट्या तयार केल्या. त्यांत नेचे, शेवाळ आणि गवत लावलं, फटी बुजवल्या आणि पेट्या कॅप्टन चार्ल्स मॅलर्ड यांच्या जहाजाच्या डेकवर उजेडात ठेवून सिडनीला रवाना केल्या. नोव्हेंबरात जहाज होबार्टला, म्हणजे आजच्या टास्मानियात, पोचलं तेव्हा कॅप्टननी पत्र धाडलं. दोन-तीन लहानसे नेचे सोडले तर सगळं जिवंत होतं, आणि गवत वाढून पार झाकणाला टेकलं होतं.

खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होती. फेब्रुवारी १८३४ मध्ये सिडनीला त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियातली झाडं भरली गेली. तिथं पारा होता नव्वद ते शंभर अंश फॅरनहाइट. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, तो विसावर उतरला आणि डेकवर फूटभर बर्फ साचलं. रिओला पुन्हा शंभर, विषुववृत्तावर एकशेवीस, आणि नोव्हेंबरात इंग्लिश खाडीत चाळीस. आठ महिन्यांत कुणी पाण्याचा थेंब घातला नाही. जहाज लंडनला लागल्यावर डॉक्टर वॉर्ड आणि जॉर्ज लॉडिजेस दोघेही डेकवर चढले. काचेआड ग्लायकेनिया नावाच्या ऑस्ट्रेलियन नेच्याची नाजूक पानं ताजीतवानी पसरलेली होती. हा नेचा त्याआधी कधीच जिवंत इंग्लंडला पोचला नव्हता. मला त्या दोघांचे चेहरे बघायला आवडले असते. एक अवघ्या युरोपात नावाजलेला रोपांचा व्यापारी, आणि दुसरा गोदीवरचा, रोग्यांतून वेळ काढून आलेला डॉक्टर.

लॉडिजेस यांचा हिशेब तिथून उलटा झाला. पूर्वी त्यांची वीसातली एकोणीस रोपं वाटेत मरत. आता वीसातली एकोणीस जगू लागली. १८३६ साली वॉर्ड यांनी वनस्पतीशास्त्रज्ञ हूकर यांना पत्र लिहून सगळी हकीकत जाहीर केली, १८३८ साली खुद्द मायकेल फॅरडेंनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये या पेटीवर व्याख्यान दिलं आणि १८४२ साली डॉक्टरांचं पुस्तक आलं. ग्लासगोला मॅकोनोची नावाच्या एका गृहस्थांनी त्यांच्याही आधी, १८२५ च्या सुमारास, काचेत झाडं वाढवली होती. पण त्यांनी ते आपल्यापुरतंच ठेवलं होतं.

आणि इथं माझ्यातला कर्जमंजुरी अधिकारी कासावीस होतो. वॉर्ड यांनी पेटंट घेतलं नाही. कुणीही सुताराकडून पेटी करून घ्यावी, कुणीही वापरावी. त्यातून त्यांना एक छदाम मिळाला नाही. मिळाली ती पदं. रॉयल सोसायटीचे ते सभासद झाले, औषधविक्रेत्यांच्या जुन्या मंडळाचे प्रमुख झाले. दक्षिण आफ्रिकेतल्या पाणथळ जागच्या एका शेवाळाला ‘वार्डिया’ हे नावही मिळालं. सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासकांची जी संस्था पुढे जगभर गाजली, तिची पहिली बैठक १८३९ साली वेलक्लोज स्क्वेअरमध्येच, एडविन क्वेकेट यांच्या घरी, सतरा जणांनी भरवली होती, आणि तिच्या संस्थापकांत वॉर्डही होते.

त्यांना स्वतःला पेटीतून काय हवं होतं? समुद्रापारचा व्यापार हा त्यांच्या मनात नंतर आलेला विचार. गोदीवरच्या खुराड्यासारख्या खोल्यांत ते रोज रोगी तपासायला जात. तिथं हिरवं पान दिसत नसे, आणि खिडकीवर कर असल्यामुळे कित्येक खिडक्याही विटांनी बुजवलेल्या असत. हा कर १८५१ साली रद्द झाला. अशा खोलीतही काचेच्या पेटीत रानातला फुकटचा नेचा जगू शकतो, आणि झाड जर धुराच्या शहरात स्वच्छ हवेत ठेवता येतं, तर गोवरानं किंवा क्षयानं आजारी पडलेलं माणूस का नाही, असा त्यांचा विचार होता. क्षयाच्या रोग्यांसाठी काचेची घरं बांधावीत असं त्यांनी पुस्तकात गंभीरपणे मांडलं. कुणी बांधली नाहीत.

झालं ते भलतंच. १८४५ साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि वॉर्डची पेटी गोरगरिबांच्या खोल्यांऐवजी सुखवस्तूंच्या दिवाणखान्यांत जाऊन बसली. नक्षीदार पाय, कळस, कमानी. इंग्लंडला नेच्यांची साथच आली म्हणाना. लेखक चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ साली या वेडाला एक ग्रीक-लॅटिन थाटाचं नावही देऊन टाकलं. घरंदाज मुली टोपल्या घेऊन डोंगर धुंडाळू लागल्या, कपबश्यांवर, बाकांवर, थडग्यांवरसुद्धा नेचे कोरले गेले. फेरीवाले डोंगरातून मुळांसकट नेचे उपटून गाड्यांवर विकत. किलार्नीचा तो पातळ पानांचा नेचा कित्येक ठिकाणी औषधालाही उरला नाही. त्याला जगवण्यासाठी केलेली काच अखेर त्याच्याच जिवावर उठली.

काही पेट्या आपल्याकडेही आल्या, आणि त्यांनी जे केलं ते दिवाणखान्याहून फार मोठं होतं. रॉबर्ट फॉर्च्यून यानं १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहाची वीस हजारांच्या घरात रोपं अशा पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांकडे पोचवली. (आपल्या रोजच्या उकळत्या चहाची पत्ती बहुधा आसामच्याच झाडाची असते, दार्जिलिंगच्या चहात मात्र चिनी रक्त आहे.) १८६१ साली दक्षिण अमेरिकेतली सिंकोनाची रोपं निलगिरीवर, उटकमंडला आली. सिंकोना म्हणजे ज्याच्या सालीचं क्विनाइन होतं ते झाड. माझी आजी त्याला कोयनेल म्हणायची आणि नुसत्या नावानं आम्ही तोंड वाकडं करायचो. १८७६ साली रबराची १,९०० च्या वर रोपं ३८ पेट्यांतून श्रीलंकेला गेली. म्हणजे ज्यांच्या जिवावर इंग्रजांचं साम्राज्य पोसलं त्यांतल्या कितीतरी पिकांनी या काचेखालून प्रवास केला. त्यांच्या मळ्यांवर राबायला कोण गेलं आणि कशा परिस्थितीत, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पेटीतल्या मातीबरोबर कीड आणि बुरशीही फुकटात जग हिंडली. म्हणून तर पुढे देशोदेशी मातीसकट रोपं आणण्यावर बंधनं आली. लंडनच्या क्यू उद्यानात या पेट्या थेट १९६० च्या दशकापर्यंत वापरात होत्या. मग विमानं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या.

यातलं बरंचसं पाहायला डॉक्टर राहिले नाहीत. उतारवयात ते वेलक्लोज स्क्वेअरचा धूर सोडून क्लॅपमला बागेच्या घरात गेले आणि ४ जून १८६८ रोजी समुद्रकाठच्या सेंट लेनर्ड्स गावी वारले.

सध्या माझ्याकडेही एक बाटली आहे. खरं तर लोणच्याची काचेची मोठी बरणी. ती मिळवताना घरात जे बोलणं झालं ते इथं देत नाही. तळाला खडे, त्यावर कोळशाचे तुकडे, वर पालापाचोळ्याचं खत मिसळलेली भुसभुशीत माती, आणि त्यात हंसराजाचं एक रोप. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या चिऱ्यांतून काळ्या दांडीचा, नाजूक पानांचा जो नेचा लोंबतो, तो हंसराज. गावच्या विहिरीतून ओल्या फडक्यात गुंडाळून आणला. पाणी घातलं ते एकदाच, तेही चमच्यानं मोजून. बरणी उत्तरेच्या खिडकीत, भरपूर उजेडात पण उन्हाच्या तिरिपेबाहेर ठेवली आहे. सकाळी काचेवर धुकं धरतं, दुपारपर्यंत विरतं. काच दिवसभर पाझरत राहिली तर पाणी जास्त झालं असं समजून तासभर झाकण उघडायचं. बाकी हात लावायचा नाही. हात लावायचा नाही, हेच सगळ्यात कठीण. तीन महिने झाले. आखडलेल्या मुठीसारखी दोन नवी पानं उलगडताहेत.

डॉक्टरांच्या पहिल्या बाटलीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. जवळजवळ चार वर्षं ती सुखरूप होती. मग एकदा डॉक्टर बाहेरगावी गेले असताना तिचं झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि नेचा नि गवत दोघंही त्यात मेले. हे वाचल्यावर मी उठून आधी माझ्या बरणीचं झाकण पाहून आलो. प्लॅस्टिकचं आहे.